ग्वांगझूच्या भाजीबाजारात आई

माहेराहून, कासुर्डी गावाहून निघाले तेव्हा आई हायवेलगत भाजी विकत बसली होती. मी गाडी थांबवली, पण ही बाई गिऱ्हाईक सोडून उठेल तर शपथ! "जा नीट. रडू नगंस, न्हाईतर मला बी रडू येतंय," एवढंच म्हणाली आन् वांगी तोलायला लागली. मी पुण्यापर्यंत रडले.

नवऱ्याला कंपनीनं चीनला, ग्वांगझूला धाडलं होतं. इथं आल्यावर दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं प्रवासाला मनाई केली, मग माहेरच इकडं बोलावलं. आई आली खरी, पण विसाव्या मजल्यावर तिचा जीव रमेना. "मला गावाकडं धाड बाई. इथं बोलू कुणाशी, भिंतींशी?" परमुलखात आईशिवाय बाळंतपण कसं निभावणार?

तिला रमवायला मी चकचकीत मॉल दाखवले. "समदं काचंत ठिवलंय. हात लावायचा न्हाई, तर बघायचं कशाला?" बरोबरच बोलली म्हणा. तुमच्यापैकी कुणी इकडं आलात तर मॉलमध्ये पाय दुखवू नका, सकाळी भाजीबाजार गाठा.

तिथं कारली, दोडकी पाहून आई थबकली. "अगं बया, ह्ये तर आपलंच हाय की!" एका बाईच्या फळीवर लाल माठाचा ढीग विस्कटला होता. आईला कुठलं राहवतंय? सरळ पुढं झाली, पिवळी पानं काढली आन् जुड्या बांधायला घेतल्या. बाई ओरडली. मी लाजेनं अर्धी झाले, मोबाइलवर भाषांतर करून माफी मागू लागले. बाईनं एक जुडी उलटसुलट पाहिली, हसली आणि आईपुढं स्टूल सरकवलं. निघताना आमच्या पिशवीत कांद्याची पात फुकट कोंबली. "ही बी वर घालतीया बघ!" आई खूश.

दुसऱ्या सकाळी आई माझ्याआधी चपला घालून तयार. गावाचं नाव नाही! रोज दोघी आपापल्या भाषेत तास तास बडबडायच्या. लेक झाली तेव्हा आई माझ्या उशाशी होती.

परत जायच्या आदल्या दिवशी आईनं नात त्या बाईच्या हातात दिली. "माझ्या लेकीकडं बघ गं. एकटी हाय." बाईला शब्द कळला नसेल, पण तिनं बाळाला छातीशी धरलं आणि मान हलवत राहिली. दोघींचे डोळे भरले.

आता जीव घाबरला की मी कासुर्डीला फोन लावते, मग लेकराला घेऊन बाजारात जाते. ती भाजीवाली लांबूनच हात पुढं करते. मला एवढं घर पुरतं.