मनीप्लांटचं पाणी तोडलं

बायको गेल्यावर तिचं एकच झाड माझ्याकडं राहिलं, टीव्हीशेजारच्या कुंडीतला मनीप्लांट. काही झालं तरी तो जगवायचा, असं मी ठरवलं होतं. आमचं मूळ घर हातकणंगल्याकडचं, म्हशीवाल्यांचं. दुधाचं भांडं विसळलेलं पाणी मोरीत ओतलं की आई पाठीत धपाटा घालायची. त्या सवयीनं मी रोज सकाळी दुधाच्या पातेल्याचं विसळण कुंडीत घालायचो. दुपारी वर आणखी तांब्याभर पाणी.

दोन महिन्यांत घरभर चिलटं झाली. चहात पडायची, तिच्या फोटोच्या काचेवर बसायची. माझं डोकंच फिरलं. डासांचा फवारा मारला, नीमतेल फवारलं, पिवळी चिकट कार्डं मातीत खोचली. कार्डं काळी झाली, चिलटं होती तेवढीच. वर पानंही पिवळी पडायला लागली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, टाकून द्या ती कुंडी." मी तिच्यावर ओरडलो, ते अजून मनाला सलतंय.

शेवटी कुंडी उचलून पन्हाळ्याच्या वाटेवरच्या नर्सरीत नेली. नर्सरीवाल्यानं मातीत बोट घालून वास घेतला.

"पावणं, कुंडीत डेअरी काढलीसा काय? चिलटाच्या अळ्या ह्या वल्या मातीतच वाढत्यात. पंधरा दिवस थेंब घालू नगासा. झाड मरत न्हाय."

मी तिथंच बाकड्यावर बसलो. बायकोच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनीही पाणी मोजूनच द्यायला सांगितलं होतं. दिवसाला चार वाट्या. वाटी माझ्या हातात असायची. ती मागायची, मी नाही म्हणायचो, कधी कधी खेकसायचोसुद्धा. तिच्याच भल्यासाठी, हे खरं. पण ती गेल्यावर मी ती वाटी माळ्यावर टाकली आणि तिच्या झाडाला पाणी घालत सुटलो.

पंधरा दिवस काढले. वेल मलूल झाली. दोनदा तांब्या घेऊन कुंडीपर्यंत गेलो आणि माघारी आलो. माती भेगाळली, चिलटं हळूहळू संपली. सोळाव्या दिवशी माळ्यावरची वाटी काढून धुतली आणि भरून कुंडीत ओतली. मातीनं ते पाणी एका दमात पिऊन टाकलं. मी वाटी पुन्हा भरली.

शेवटच्या संध्याकाळी तिनं आणखी एक वाटी मागितली होती. चार झाल्या होत्या. "सकाळी देतो," म्हणालो होतो मी.