झेपेल तेवढं यंत्र

फोटो छापायच्या यंत्रांच्या दुकानात तो एकवीस वर्षं विक्रेता होता. गिऱ्हाईक दारात आलं की पायातल्या चपला पाहूनच तो त्याची ऐपत ताडायचा आणि त्या बेताचा कॅमेरा, स्कॅनर नाहीतर प्रिंटर पुढे करायचा. धाकट्या बहिणीने लग्नाचे फोटो छापायचा धंदा काढला, तेव्हा टिकाऊ शाईचा महागडा प्रिंटर त्याने तिला दाखवलासुद्धा नाही. "तुला झेपायचा नाही गं तो," म्हणत स्वस्तातला गळ्यात मारला.

दोन वर्षांत लोकांच्या भिंतींवरचे नवरानवरी विटून गेले. माणसं फ्रेमा घेऊन तिच्या दारात भांडायला आली आणि धंदा बसला.

मग एका दुपारी ती दुकानात आली. त्याने स्टूल पुढे सरकवलं, पण ती उभीच राहिली.

"टिकाऊ शाईचा प्रिंटर दाखवा."

"अगं, दाखवा काय? दादा ना मी तुझा?"

"दाखवताय, की दुसरीकडे जाऊ?"

"महाग आहे गं. पैशांचं काय करशील?"

"पैसे तेव्हाही होते. तुम्ही विचारलंच नाही."

त्याने खोका उघडला. परक्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सगळं नीट समजावलं. तिने शेवटपर्यंत 'तुम्ही' सोडलं नाही.