दत्तूने रम सोडली

१९६१ साली माझं पोस्टिंग बंगलोरच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये होतं. मी हवालदार. नाईक दत्तू शिंदे माझ्या हाताखालचा ड्रायव्हर, बेळगावकडचा, तेविशीतला. सकाळी पीटी, मग होसकोटे रोडवर रिक्रूटांना गाडी शिकवायची, संध्याकाळी गेम्स. थंडीत आमच्या गाड्या धुक्यातूनच बाहेर पडत.

दत्तू प्यायचा. कँटीनचा स्वतःचा कोटा संपला की न पिणाऱ्यांचा मागून घ्यायचा.

एका सकाळी तलावाच्या बांधावर त्याचे हात थरथरू लागले. मागे रिक्रूट बसलेले. पुढचं चाक बांधाबाहेर गेलं. शेजारच्या सीटवरून मी हँडब्रेक ओढला. कोणाला लागलं नाही.

दत्तू म्हणाला, "उस्ताद, मला गाडीवरून काढा."

रिपोर्ट झाला. त्याची नाईकची फीत गेली. त्याला हॉस्पिटलात ठेवलं. तिथे दारू बंद झाली तेव्हा अंथरूण घामाने भिजे, मला तो ओळखेना.

आमचे सुभेदारसाहेब बंगलोरच्याच मल्लेश्वरम भागातल्या जुन्या मराठी घरातले. हॉस्पिटलातून सुटल्यावर त्यांनी दत्तूला बोलावलं.

"कँटीन उघडायच्या वेळेला माझ्या घरी यायचं. ऑर्डर आहे."

"किती दिवस, साहेब?"

"मी सांगेपर्यंत."

मी त्याच्या सोबतीला; रोज संध्याकाळी आम्ही दोघं सायकलने निघायचो. साहेबांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. एकदा दत्तू मध्येच उठला. अक्का दारात उभ्या राहिल्या.

"कुठं?"

"राहवत नाही, अक्का."

"सरी, बरं. स्वल्प, थोडा भात खा, मग जा."

तो जेवला. जेवताना रडला. गेला नाही.

कॉफीचा वास, अंगणातली खाट, साहेबांची अर्धी कानडी थट्टा. नोकरीतले माझे सुखाचे दिवस तेच.

पुढच्या बडाखान्याला, साऱ्या कंपनीच्या एकत्र जेवणाला, कंपनी कमांडरनी विचारलं, "शिंदे, रम?"

"नो सर. सरबत."

कोणीतरी हसलं. सुभेदारसाहेबांनी आपला ग्लास खाली ठेवला आणि सरबत मागवलं. वर्षभराने दत्तूला फीत आणि गाडी, दोन्ही परत मिळाली.

पासष्टच्या लढाईत तो जखमींना मागे आणत होता. दोन फेऱ्यांनंतर मी म्हणालो, "आता दुसरा ड्रायव्हर पाठवतो."

"नको, उस्ताद. रस्ता माझ्या पायाखालचा आहे."

जखमींना चढवून तो मागची फळी लावत असताना तोफेचा गोळा पडला. दत्तू जागीच गेला. गाडी त्याच्या जोडीदाराने आणली. आतले सगळे वाचले.

शेवटची काही वर्षं दत्तू पूर्ण शुद्धीत जगला. ती त्याला फार आवडली, हे त्याने मला स्वतः सांगितलं होतं.