आईच्या नावचे माइल्स

मी अमेरिकेला निघालो त्याच्या आदल्या दिवशी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या दोन्ही बॅगा मार्केट यार्डात नेल्या. ते तिथे एका आडत्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. बटाट्याच्या काट्यावर बॅगा चढवून घरी आले आणि म्हणाले, "वजनात बसतोयस. भावाचं तिकडे गेल्यावर कळेल." दुसऱ्या दिवशी विश्रांतवाडीच्या दारात सुमो उभी होती, निम्मी गल्ली टाटा करायला जमली होती. आई रडत नव्हती. भाजणीचा डबा कुठल्या बॅगेत आहे, हे तिसऱ्यांदा सांगत होती.

तिकडे कंपनीने मला दर सोमवारी विमानात बसवलं आणि मला माइल्सचं, म्हणजे विमान कंपनी देते त्या फुकट तिकिटाच्या गुणांचं, व्यसन लागलं. माझ्यासारखे जे जे गेले त्यांना हे सांगायला नको. कार्डाने खर्च केला तरी माइल्स मिळतात, म्हणून हॉटेलात दहा जण जेवले की बिल माझ्या कार्डावर, रोख माझ्या खिशात. इथे राहिलेल्या मित्रांनो, तुम्ही हसाल, पण एका दिवाळीला जास्त माइल्स मिळावेत म्हणून मी तीन विमानं बदलत आलो आणि भाऊबीज संपल्यावर पोचलो. ताईने निरांजन पुन्हा लावलं. दादा म्हणाले, "चालत आला असतास तर वेळेवर आला असतास."

पण हे सगळं आईसाठी होतं, खरंच. तिची कंबर गेलेली. तिला माझं घर बघायचं होतं आणि मला तिला आडवं झोपवून आणायचं होतं, बिझनेस क्लासमध्ये, दादांसकट, फुकट. आमच्या पुण्यात फुकटाइतकं पवित्र काही नाही. ती म्हणायची, "अरे, आळंदीच्या बसमध्ये मी उभी जाते. बसायला मिळालं तरी पुष्कळ. आता ने." मी म्हणायचो, थोडे कमी पडतायत. पुरेसे झाले तेव्हा विमान कंपनीने दर वाढवले. पुन्हा साठवले. माइल्सवरच्या जागा फार आधी धराव्या लागतात. शेवटी दोन मिळाल्या, पण पुढच्या मे महिन्यातल्या. व्हिसा झाला. आईने माझ्या स्वयंपाकघरासाठी नवीन पोळपाट घेतला.

फेब्रुवारीत ती गेली.

दिवस झाल्यावर मी तिचं तिकीट रद्द करायला फोन केला. पलीकडची बाई फार हळुवार बोलली. माइल्स सगळे परत मिळतील, दंड माफ, म्हणाली. आणि मला, तुमच्यापासून काय लपवू, क्षणभर बरं वाटलं. दंड वाचला म्हणून! मग फोन ठेवला.

दादांना विचारलं, तुम्ही तरी येता ना?

"तिची जागा खिडकीची होती का?"

"हो."

"मग नको," म्हणाले. "तिथे दुसरंच कुणी बसेल. तूच ये."

तेव्हापासून येतो. जे विमान आधी पोचवेल ते धरतो. माइल्स आपोआप साठतात, साठले की उडवून टाकतो. आता घर म्हणजे काय, असं विचाराल, तर दादा अजून रोज सकाळी सवयीने दोन कप चहा टाकतात. एक पितात, दुसरा मोरीत ओततात. मी असलो की ओतावा लागत नाही.