लांब नळीचे जावईबापू

आमचे जावई नेमबाजीच्या क्लबात रायफली दुरुस्त करतात. हात थोडा वेळ चालतो, तोंड दिवसभर. बायकोला कधी "जेवलीस का" विचारल्याचं माझ्या तरी कानावर नाही, पण समोर येईल त्याला नळीची लांबी विचारतात. क्लबातले लोक पाठीमागे त्यांना नळीसाहेब म्हणतात. ते एकदा त्यांच्या कानावर गेलं, तर हे मान मिळाल्यासारखे खूश!

त्यांचं एकच म्हणणं, नळी जितकी लांब तितकी गोळी वेगात. मोठ्या रायफलीचं असेलही तसं. पण क्लबातल्या चिमुकल्या गोळीलाही हे गृहस्थ तेच लावायचे, आणि त्यापायी माझ्या नातीच्या हातात लांबलचक, जड रायफल दिलेली. पोर काडीसारखी. निवडचाचणी तोंडावर आलेली. थोड्या गोळ्या झाल्या की खांदा थरथरायचा आणि नेम घसरायचा. कपाटात आखूड नळीची हलकी रायफल पडून होती. तिनं ती मागितली.

"खेळणं आहे ते," जावई म्हणाले. "गोळी चालत जाईल, चालत!"

शेवटी शिकवणाऱ्या बाईच मध्ये पडल्या. "वेग मोजायचं यंत्र आहे ना आपल्याकडे? दोन्ही नळ्यांतून गोळ्या मारू. जिचा वेग जास्त, ती रायफल पोरीची."

जावई एका पायावर तयार.

त्या दिवशी मीही गेले. दुरुस्तीच्या खोलीबाहेर मला खुर्ची दिली होती. बघते तर जावयांनी गोळ्यांची एक डबी मोटारीच्या टपावर रणरणत्या उन्हात ठेवली आणि दुसरी पाण्याच्या थंड टाकीला टेकवून. म्हटलं, गोळ्यांना सर्दी झाली असेल बापड्यांना!

यंत्र तिवईवर मांडलं. त्यावरून गोळी गेली की आकडा उमटायचा. जावयांनी लांब नळीत टपावरच्या डबीतल्या गोळ्या घातल्या, आखूड नळीत टाकीजवळच्या. लांब नळी थोडी पुढे निघाली. जावयांची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची मला काळजी वाटली. नात खाली मान घालून उभी.

"अजून एक फेरी घेऊ," बाई म्हणाल्या. "या खेपेला गोळ्या तू भर गं."

पोरीनं डबी उचलली आणि दचकली. "बाबा, ही एवढी गरम कशी? आणि ही बघा, गारेगार!"

बाईंनी दोन्ही डब्या हातात घेऊन पाहिल्या. "आतली दारू तापली की गोळी जोरात सुटते. हे तुम्हाला माहीत नाही, असं म्हणू नका."

"योगायोग हो. कुठेतरी राहिली असेल उन्हात."

"राहिली कुठली?" मी म्हटलं. "तुम्हीच ठेवलीत ना टपावर?"

"आई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काही नाही हो. ऊन आणि सावली तेवढी कळते."

बाईंनी दोन्ही डब्या बाजूला सारल्या आणि सावलीतली नवी डबी फोडली. दोन्ही रायफलींना त्यातल्याच गोळ्या. आता आखूड नळी पुढे. फार नाही, पण पुढे. बाईंनी मला समजेल असं सांगितलं. एवढ्याशा गोळीतली दारू लवकर जळून जाते, मग उरलेल्या नळीत गोळी नुसती घासत जाते. जावयांनी यंत्राला नावं ठेवली, वाऱ्याला ठेवली, ढगाला ठेवली. आकाशात ढग नव्हता.

नातीनं कुणाला काही विचारलं नाही. कपाटातून हलकी रायफल काढली आणि पुसायला बसली.

निवडीच्या दिवशी शेवटच्या गोळीपर्यंत तिचा खांदा हलला नाही. यादीत नाव लागलं. मी तिला शोधत बाहेर आले, तर जावई चार अनोळखी बापांना घेरून उभे.

"लहान गोळीला आखूड नळीच हवी," ते सांगत होते. "मी स्वतः मोजून पाहिलंय. पोरीला हट्टानं तीच घ्यायला लावली."

ते चौघे मान डोलवत होते. मी नातीचा हात धरला आणि तिला घेऊन दुसऱ्या दारानं बाहेर पडले.