बयाबाईचा समोरचा फोटो

जोतीराम फोटोवाल्याचा स्टुडिओ राजारामपुरीत, आमच्याच गल्लीच्या तोंडाला. चाळीस वर्षं त्यानं सगळी माणसं एकाच पद्धतीनं बसवली. "पावणं, हनुवटी वर. दोन्ही कान दिसू देत." माझ्या आधारकार्डावर मी पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते, पण तो फोटो त्याचा नव्हे. त्याच्या फोटोत निदान सुटून आल्यासारखी तरी दिसायची.

पुढं घरोघरी मोबाईल आले आणि गिऱ्हाईक आटलं. तेव्हा साठीतल्या या गड्यानं व्हिडिओ बघून नवं शिकून घेतलं. माणूस मधोमध बसवायचा नाही, जरा तिरका. उजेड खिडकीतनं, एकाच गालावर. नजर जिकडं, तिकडं मोकळी जागा. तो समजावून सांगायचा, मी मान हलवायची. पण फोटो खरंच देखणे यायला लागले. लग्नं जमवायची म्हणून इचलकरंजीहून पोरी यायच्या.

तेवढ्यात त्याच्या बायकोला, बयाबाईला, तोंडाचा कॅन्सर निघाला. जन्मभर दातांना मिसरी लावलेली. मीही तिच्याच डबीतली लावायची; मला काही झालं नाही, यात माझी काही हुशारी नाही. डॉक्टरांनी उजवा जबडा काढला. गाल आत गेला, ओठ ओढला गेला. सहा महिन्यांत दुखणं परत उठलं, तेव्हा घरी न्या म्हणाले.

तिचा एकटीचा फोटोच नव्हता घरात. फोटोवाल्याची बायको! शेवटी तीच म्हणाली, "अवो, माझा एक काढा की. भिंतीवर लावायला."

पदर नीट करायला मला बोलावलं. जोतीरामानं तिला खिडकीशी तिरकी बसवलं. चांगला गाल उजेडात, दुसरा अंधारात. फोटो काढून दाखवला. राणी दिसत होती.

बयाबाईनं लाळ पुसत बघितलं. "ही कोण? अर्धीच बाई लावतासा व्हय भिंतीवर? समोरनं काढा. हाय तशी."

"अगं, ह्याला कंपोझिशन म्हणत्यात."

"म्हणू देत की. गावाचे दोन्ही कान बघितलासा, बायकोचा एकच पुरतोय व्हय?"

मला हसू आलं. त्याला नाही. त्यानं तिला मधोमध बसवलं, हनुवटी वर करायला सांगितली, बटण दाबलं आणि आत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

"ह्योच लावायचा," ती म्हणाली. "आक्का, तू ध्यान ठेव."

फोटो काढल्यापासून अकराव्या दिवशी ती गेली.

दिवसकार्याला बघते तर भिंतीवर तिरकाच फोटो, मोठ्या काचेच्या फ्रेममध्ये. सवाष्ण गेलेली, म्हणून बायका फोटोच्या कपाळाला कुंकू लावणार. आमचे हे अजून खुर्चीत बसून चहा मागतात, त्यामुळं वयानं पहिला मान माझा. बोट कुंकवात बुडवून उभी राहिले. पण कपाळ कुठं? एक गाल आणि कानशील तेवढं उजेडात, बाकी काळोख. तिचं स्वतःचं कुंकूही त्यात बुडालेलं. मागं बायकांची रांग.

"जोत्या, समोरचा आण. तिनं सांगितलेला."

तो फ्रेमचा हार सारखा करत राहिला.

"अरं, आण की!"

"न्हाय आक्का. पुसला. त्याच दिवशी. बघवंना मला."

शिव्या ओठांवर आल्या, पण त्याचं तोंड बघून गिळल्या. मागून त्याची भाची क्रांती हळूच म्हणाली, "आज्जी, कानशिलावर लावा."

"कानशिलावर कुंकू लावत्यात व्हय गं?" मी म्हणाले आणि अंदाजानं काळ्या काचेकडं बोट नेलं. जोतीराम पुढं आला. त्यानं माझं मनगट धरलं आणि बोट दोन बोटं खाली सरकवलं.

"हितं," म्हणाला.