आमच्या घराची कंपनी

उरणला तहसील कचेरीच्या समोर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे अर्ज, भाडेकरार, असलं सगळं मी टाइप करून देते. दुकान टाकलं तेव्हापासून तिथे एकाच कंपनीचे कॉम्प्युटर होते. त्याला कारण माझा धाकटा भाऊ. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या घरात ते पुष्कळ घेऊन झालंय.

भावाने बारावीनंतर पनवेलला हार्डवेअरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि तिथल्याच सर्व्हिस सेंटरला लागला. पहिल्या आठवड्यात तो आकाशी शर्ट घालून घरी आला. खिशावर कंपनीचं नाव भरलेलं होतं. सोबत कार्डांची डबी. कार्डावर त्याच्या नावाखाली छापलं होतं, ‘सर्व्हिस इंजिनिअर’. बाबांचा जन्म मिठागरात गेलेला. त्यांनी त्यातलं एक कार्ड मागून घेतलं आणि ते स्टँडवर ओळखीच्या माणसाला काढून दाखवायचे. म्हणायचे, “आमचा पोऱ्या इंजिनेर हाय.” पुढे भावाला ट्रेनिंगला बंगलोरला पाठवलं, तेही विमानाने. आमच्या घरातलं विमानात बसलेलं ते पहिलं माणूस.

त्यानंतर दुसऱ्या कंपनीचा विषय निघणं शक्यच नव्हतं. माझ्या दुकानात, चुलतभावाच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, ग्रामपंचायतीत, गावातल्या डॉक्टरांकडे, सगळीकडे त्याने तीच कंपनी घ्यायला लावली. लग्नाच्या हॉलमध्ये फोटोवाल्याकडे दुसरा लॅपटॉप दिसला तर जेवण टाकून त्याच्याशी वाद घालायला जायचा. राबायचाही तसाच. भर पावसात करंज्याहून लाँचने रेवसला, तिथून मांडव्याला जायचा. तिकडचा एक बंगलेवाला त्याच्याशिवाय कुणाला मशीनला हात लावू देत नसे. हे तो आम्हाला किती वेळा सांगायचा त्याला गणती नाही.

खरं तर तो कंपनीच्या नोकरीत नव्हताच. पगार द्यायचा तो पनवेलचा एक कंत्राटदार. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘अधिकृत सेवा केंद्र’ आणि त्या कंत्राटदाराचं नाव होतं. माझं काम कागदांचं, बारीक अक्षरांकडे माझी नजर आधी जाते. मी एकदा विचारलंही होतं. तो म्हणाला, “ताई, ते नुसतं कागदोपत्री असतं.” कागदोपत्री असतं तेच शेवटी खरं ठरतं, हे मी रोज कचेरीसमोर बसून बघत होते. तरी गप्प बसले. त्याचा तो शर्ट मलाही आवडत होता.

बारा वर्षांनी कंपनीने त्या कंत्राटदाराचं काम काढून दुसऱ्याला दिलं. नव्या कंत्राटदाराने आपली माणसं आणली. भावाला फोनवर सांगण्यात आलं की हत्यारांची बॅग सोमवारपर्यंत जमा कर. बाबा तेव्हा नव्हते, एवढंच बरं.

भावाची खात्री होती की वर कंपनीत हे कुणाला माहीतच नसणार. कळलं तर ते मध्ये पडतील. दुपारी दुकानात येऊन म्हणाला, “ताई, तू चांगलं लिहितेस. त्यांच्या वेबसाइटवर तक्रारीची जागा आहे, तिथे लिही.” मी दीड पान लिहिलं. बंगलोरचं ट्रेनिंग, मांडव्याचा बंगला, सगळं घातलं. चार दिवसांनी उत्तर आलं. आपण आमचे कर्मचारी नाही, कृपया आपल्या मालकाशी संपर्क साधा. खाली लिहिलेलं, आपली समस्या सोडवता आली याचा आम्हाला आनंद आहे, आमच्या सेवेला किती स्टार द्याल?

मी खिडकी बंद करणार तेवढ्यात त्याने माझ्या हातातला माउस घेतला आणि पाच स्टार दिले.

“असं का केलंस?” मी विचारलं.

“उत्तर देणाऱ्या पोरीचा पगार त्याच्यावर असतो,” तो म्हणाला. “माझाही असायचा ना.”

मला जो राग चढला तो आजही उतरलेला नाही. महिन्याच्या आत मी दुकानातले दोन्ही कॉम्प्युटर, चांगले चालत असताना, काढून टाकले आणि दुसऱ्या कंपनीचे आणले. वाटलं, त्याला बरं वाटेल. आपल्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं असं वाटेल.

तो आला आणि दारातच थांबला. “हे काय आणलंस?”

“तुला हाकललं त्यांनी. मी कशाला ठेवू त्यांचं?”

“कंपनीने नाही, कंत्राटदाराने.”

“तेच ते.”

“तेच नाही, ताई. बारा वर्षं मी लोकांना सांगत फिरलो, याच्यासारखं मशीन नाही. आता त्यांना दिसणार, याच्या सख्ख्या बहिणीनेच काढून टाकलं. म्हणजे मी लोकांना फसवतच होतो.”

चहा न घेता गेला. त्या वर्षी भाऊबीजेला आला नाही, ओवाळणी आपल्या मुलीच्या हाती पाठवली. बोलायला लागलो ते पुढच्या गणपतीत, आरतीचं ताट कुठे ठेवलंय एवढ्यावरून.

आता तो एका कंटेनर यार्डाच्या गेटवर बसतो. आत येणाऱ्या ट्रेलरवरचे नंबर कॉम्प्युटरात घालतो. तो कॉम्प्युटर कुठल्या कंपनीचा आहे, मी विचारलेलं नाही.

गेल्या जूनमध्ये त्याच्या मुलीला कॉलेजला लॅपटॉप हवा होता. तिने गुपचूप मला विचारलं, मी माझा सांगितला. त्याने जुन्याच कंपनीचा आणला. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. मी भांडायला गेले. “एवढं होऊन अजून त्यांनाच पैसे देतोस?”

तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, “त्याच्या आतलं सगळं मला माहीत आहे. बिघडला तर मी उघडू शकतो. दुसऱ्यातलं मला काही कळत नाही. एवढं एकच मला येतं, ताई.”

मी उठून आले.

दुकानात लोक मला विचारतात, कुठला घ्यावा. मी लगेच माझ्याकडचा सांगते, तावातावाने. परवा एका तलाठ्याने विचारलं, “ह्याच्यात एवढं काय आहे?” मी स्क्रीन सांगितला, की-बोर्ड सांगितला. तो म्हणाला, “हे तर माझ्या जुन्यातही आहे.” खरं होतं. माझा तर उन्हाळ्यात तापून अर्जाच्या मधेच बंद पडतो, दोनदा कामं वाया गेली आहेत. तरी मी त्याला म्हटलं, डोळे मिटून हाच घ्या.

तो गेल्यावर मी पंखा मशीनकडे वळवला आणि पुढचा अर्ज टाइप करायला घेतला.